एका फंक्शनची दोन उत्तरं

सतराला पाचने भागलं की भागाकार ३ आणि बाकी २. मांडणी एक, उत्तरं दोन. प्रोसेसरचंही असंच असतं. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ चिपमध्ये भागाकाराची सूचना एकदा चालवली की भागाकार एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, पडायचा आणि बाकी दुसऱ्यात. आजच्या इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांतही तेच चालतं. (मोबाइलमधल्या एआरएम चिप नुसता भागाकार देतात, बाकी हवी तर गुणून वजा करा.) सी भाषेत मात्र भागाकाराचं चिन्ह वेगळं, बाकीचं वेगळं, आणि दोघंही एकेकच उत्तर हातात ठेवतात. म्हणजे यंत्राने दोन्ही काढलेली असली तरी लिहिणाऱ्याला ती दोनदा मागावी लागतात. कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हुशार असला तर त्या दोन मागण्या ओळखून मागच्या मागे एकच भागाकार करतो, ही वेगळी गोष्ट.

फंक्शन म्हणजे काहीतरी घेऊन उत्तर परत देणारा प्रोग्रामचा तुकडा. त्याने एकच मूल्य परत द्यायचं ही रीत गणिताची. एक्स घाला, वाय घ्या. पण रोजच्या कामाचे प्रोग्राम लिहायला बसलं की एका उत्तराने भागत नाही.

माझ्या वहिनीचं इंदूरला रामबागेत घरगुती डब्यांचं काम आहे. भंवरकुआँच्या बाजूला खोल्या घेऊन राहणारी क्लासची मुलं हे तिचं मुख्य गिऱ्हाईक. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने आईसाठी हिशोबाचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला आणि मला विचारलं, "काका, कॉलेजात सी शिकवतात, त्यात फंक्शन एकच गोष्ट परत करतं. पायथन तर दोन करतं, तीन करतं. मग सी मागासच म्हणायची ना?"

"अरे, पायथनही एकच करतं," मी म्हटलं. ते त्याला काही पटेना.

पायथनमध्ये फंक्शनच्या शेवटी 'रिटर्न क, ख' असं लिहिलं की मधला स्वल्पविराम बघून पायथन त्या दोन मूल्यांचं एक टपल बनवतो आणि ते टपल परत देतो. डब्यात पोळ्या, भाजी, वरण वेगवेगळ्या कप्प्यांत असलं तरी पोराच्या हातात डबा एकच पडतो, तसं. घेणाऱ्याने 'भागाकार, बाकी = डिव्हमॉड(१७, ५)' असं लिहिलं की डबा तिथल्या तिथे उघडतो आणि प्रत्येक कप्पा आपापल्या व्हेरिएबलमध्ये रिकामा होतो. उघडायचा नसेल तर डावीकडे एकच नाव लिहा, 'उत्तर = डिव्हमॉड(१७, ५)'. आता उत्तर या नावात अख्खं टपल बसलं. त्याचा टाइप विचारून बघा, पायथन टपल असंच सांगेल. बांधणं आणि सोडणं इतकं बिनबोभाट होतं की मधली वस्तू नजरेला पडत नाही, आणि मग फंक्शनने दोन मूल्यं दिली असं वाटतं. (जाता जाता: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं वर लिहिली तशी देवनागरीत चालतात. प्रोग्राममध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत.)

आता तीच 'रिटर्न क, ख' ही ओळ सी मध्ये लिहा. फंक्शनचा टाइप इंट असला तर कंपायलर ती घेईल! पण मिळेल फक्त ख. सी मध्ये स्वल्पविराम हे एक चिन्ह आहे, ऑपरेटर. त्याचं काम डावीकडचं मूल्य काढून टाकून देणं आणि उजवीकडचं पुढे करणं. वॉर्निंग चालू ठेवल्या असतील तर कंपायलर कुरकुर करतो, निदान. जावास्क्रिप्टने हा स्वल्पविराम सी कडून जसाच्या तसा उचलला, आणि तिथे कुणी कुरकुरही करत नाही. पायथनवर हात बसलेली मुलं जावास्क्रिप्टला वळली की इथे हमखास ठेचकाळतात. फंक्शन चालतं, उत्तर येतं, फक्त अर्धं येतं.

सी मध्ये मग करतात काय? जुना मार्ग पत्त्याचा, म्हणजे मेमरीतल्या जागेच्या क्रमांकाचा. फंक्शनला सांगायचं की पहिलं उत्तर तू परत दे आणि दुसरं या पत्त्यावर लिहून ठेव. स्कॅनएफ या फंक्शनला आकडा वाचायला सांगताना व्हेरिएबलच्या आधी अँपरसँडचं चिन्ह का लावायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणी धड सांगत नाही, ते याचसाठी. वाचलेला आकडा तुमच्या पत्त्यावर जातो, आणि परत येतं ते किती गोष्टी नीट वाचल्या याची संख्या. मजकुरातून आकडा काढणारं स्ट्रटॉल हे फंक्शनही असंच. आकडा परत देतं, आणि वाचता वाचता कुठे थांबलं ती जागा पत्त्यावर लिहून ठेवतं.

दुसरा मार्ग स्ट्रक्चरचा. दोन मूल्यांची एक रचना करायची आणि ती परत करायची. सी च्या स्वतःच्या लायब्ररीत डिव्ह नावाचं फंक्शन आहे, ते भागाकार आणि बाकी एका स्ट्रक्चरमध्ये घालून देतं. म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या सी मध्येच होतं. अगदी सुरुवातीच्या सी मध्ये स्ट्रक्चर परत करता येत नसे, ही सोय मागाहून आली. म्हणून जुन्या लायब्रऱ्यांत पत्त्यांचाच सुळसुळाट दिसतो.

स्ट्रक्चर परत करणं महाग पडतं अशी एक समजूत अजून ऐकू येते. लिनक्स आणि मॅकच्या ६४ बिट इंटेल यंत्रांवर ठरलेली पद्धत अशी आहे की १६ बाइटपर्यंतचं साधं स्ट्रक्चर थेट दोन रजिस्टरांमधून परत येतं, मेमरीला हात लागत नाही. त्याहून मोठं असेल तर बोलावणाऱ्याने आधीच जागा करून ठेवायची आणि तिचा पत्ता गुपचूप फंक्शनला द्यायचा. म्हणजे मोठ्या स्ट्रक्चरच्या बाबतीत कंपायलर तोच पत्त्याचा मार्ग धरतो, फक्त तुम्हाला लिहायला लावत नाही. दोन आकड्यांसाठी पत्ते लिहीत बसायचं काही कारण नाही, असं माझं मत आहे. पत्त्याच्या पद्धतीचा मोठा दोष वाचताना कळतो. कंसात चार गोष्टी दिल्यात, त्यांतल्या कुठल्या आत जातात आणि कुठल्यांत उत्तर येणार, ते ओळीकडे बघून सांगता येत नाही. सी शार्पने याच्यावर 'आउट' हा शब्द सक्तीचा केला, तो बोलावणाऱ्यालाही लिहावा लागतो, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. २०१७ साली सी शार्प ७ मध्ये टपलही नीट आले. जावाने मात्र दोन्ही टाळलं. कित्येक वर्षं जावावाले दोन मूल्यांसाठी एक तर छोटा क्लास लिहायचे, नाही तर अॅरेमध्ये कोंबायचे. २०२१ च्या जावा १६ मध्ये रेकॉर्ड आले तेव्हा एका ओळीत काम होऊ लागलं.

आता ज्या भाषा खरोखरच अनेक मूल्यं देतात, मधे डबा नाही, त्यांच्याकडे बघू. कॉमन लिस्प, लुआ आणि गो. तिघींचे स्वभाव अगदी वेगळे.

कॉमन लिस्पमध्ये फ्लोअरला १७ आणि ५ दिले की ते ३ आणि २ दोन्ही देतं. पण तुम्ही ते बेरजेत वापरलंत तर फक्त ३ घेतला जातो, २ निमूट बाजूला होतो. पहिलं मूल्य मुख्य, बाकीची हवी असतील त्याने मागून घ्यावी. ज्याला बाकीशी देणंघेणं नाही त्याला ती असल्याचं कळतही नाही. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण दुसरं उत्तर पुष्कळदा खरंच जोडउत्तर असतं.

ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआचंही बरंचसं असंच आहे, पण एक मेख आहे. फंक्शनची हाक यादीत शेवटची असेल तर तिची सगळी मूल्यं पसरतात. मधे असेल तर फक्त पहिलं. याचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. रकमेतले स्वल्पविराम काढून तिचा आकडा करायचा आहे. जीसब हे फंक्शन मजकुरातली चिन्हं बदलतं, आणि दोन गोष्टी परत देतं: बदललेला मजकूर, आणि किती ठिकाणी बदल केला ती संख्या. टूनंबर हे फंक्शन मजकुराचा आकडा करतं, आणि त्याला दुसरी गोष्ट दिली तर ती पाया समजतं, म्हणजे दशमान की द्विमान. आता जीसब थेट टूनंबरच्या कंसात लिहिलं की जीसबची दोन्ही मूल्यं आत पसरतात आणि बदलांची संख्या पाया होऊन बसते. '१२,५००' दिलं तर एक स्वल्पविराम, पाया १. असा पाया चालत नाही म्हणून प्रोग्राम तिथेच अडतो. बरं झालं, चूक कळली. पण आपल्या पद्धतीने लिहिलेले '१,१०,०००' दिले तर स्वल्पविराम दोन, पाया २. लुआ ११०००० ही द्विमान संख्या म्हणून वाचतो आणि शांतपणे ४८ परत देतो. एक लाख दहा हजारांचे अठ्ठेचाळीस! इलाज एवढासाच, जीसबच्या हाकेभोवती जादा कंस घालायचे. लुआत जादा कंस म्हणजे 'पहिलंच मूल्य ठेव, बाकीची सोड'. दुसऱ्या भाषांत बिनकामाचे वाटणारे कंस इथे अर्थ बदलतात.

गो २००९ साली जगापुढे आली, आणि ती या बाबतीत कडक आहे. फंक्शन दोन मूल्यं देत असेल तर उत्तर ठेवताना दोन्ही घ्यावीच लागतात. एक नको असेल तर त्याच्या जागी अंडरस्कोर लिहून 'हे मी मुद्दाम सोडतोय' असं सांगावं लागतं. नाव दिलं आणि वापरलं नाही तरी कंपायलर अडवतो. गो मधल्या जवळपास प्रत्येक फाइलीत दिसणारी जोडी म्हणजे मूल्य आणि एरर. फाइल उघडायला सांगा, फाइल मिळेल आणि सोबत एरर. एरर रिकामी असेल तर पुढे जा. दर दोन ओळींनी 'एरर रिकामी नाही ना' अशी तपासणी लिहावी लागते म्हणून लोक वैतागतात. मी मात्र त्या वैतागाच्या बाजूने नाही. सोडायचं असेल तर सोडा, पण सोडल्याची खूण वाचणाऱ्याला दिसते, हे मोठंच आहे.

इथवर आलं की 'किती मूल्यं' हा प्रश्न मागे पडतो आणि त्या दोन मूल्यांचं एकमेकांशी नातं काय, हे बघावं लागतं.

वहिनीचंच उदाहरण घेऊ. तिच्या प्रोग्राममध्ये एक फंक्शन आहे, मुलाचं नाव द्या, थकबाकी घ्या. एखाद्याची थकबाकी शून्य आली. म्हणजे त्याने पैसे चुकते केले, की त्या नावाचं खातंच नाही? पहिल्याला उद्याचा डबा पाठवायचा आहे, दुसऱ्याचं नाव चुकीचं टाइप झालंय. गो मध्ये मॅपमधून, म्हणजे नावावरून मूल्य शोधायच्या तक्त्यातून, एकच मूल्य मागितलं तर न सापडलेल्या नावालाही शून्यच मिळतो. दोन मागितली तर दुसरं खरं-खोटं सांगतं, सापडलं की नाही. लिस्पचं गेटहॅशही असंच दुसरं उत्तर देतं. पायथनचं गेट न सापडल्यास नन, म्हणजे 'काहीच नाही', देतं, ते बरं, पण घाईत 'थकबाकी नसेल तर' अशी अट लिहिली की पायथनला शून्य आणि नन दोन्ही सारखेच खोटे वाटतात, आणि चुकते करणारा पोरगा खात्यातून गायब झाल्यासारखा दिसतो. पुतण्याच्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच होतं. वहिनी मला म्हणाली, "भावजी, ज्यांनी पैसे दिले तेच नवीन म्हणून दाखवतंय हे." ज्याचा हिशोब चोख त्यालाच संगणक ओळखेना.

सी मध्ये हा घोटाळा अधिक जुना आहे. एटूआय हे फंक्शन मजकुराचा आकडा करतं, आणि जमलं नाही तर शून्य देतं. 'शून्य' लिहिलं होतं की भलतंच काही, कळायला मार्ग नाही. वहिनी मराठी शाळेत शिकलेली, आकडे देवनागरीत लिहिते. तिने लिहिलेले '५०' एटूआयला दिले तर शून्य. पायथनचं इंट मात्र देवनागरी अंक ओळखतं, तिथे ५० येतात. एटूआयचं उत्तर चुकलं यापेक्षा ते चुकलं हे सांगायला त्याच्याकडे जागाच नाही, हे वाईट. एकाच मूल्यावर दोन कामं लादली की असं होतं. स्ट्रटॉलच्या दुसऱ्या उत्तराची, गो च्या एररची गरज इथून येते.

पण थांबा, उत्तर आणि एरर ही खरंच दोन मूल्यं आहेत का? भागाकार आणि बाकी यांच्यात 'आणि' आहे, दोन्ही एकदम हवीत. फाइल आणि एरर यांच्यात मुळात 'किंवा' आहे. फाइल मिळाली तर एरर नाही, एरर आली तर फाइल नाही. गो दोन जागा देते आणि त्यांतली एक रिकामी ठेवते. दोन्ही भरलेल्या किंवा दोन्ही रिकाम्या असू नयेत हे प्रोग्रामरच्या भरवशावर. रस्टने, तिची १.० आवृत्ती २०१५ ची, हा 'किंवा' भाषेतच आणला. रिझल्ट नावाचं एकच मूल्य येतं, त्याच्या आत उत्तर तरी असतं किंवा एरर तरी. ते उघडून बघितल्याशिवाय आतलं उत्तर हाती लागत नाही, आणि न बघता तसंच टाकून दिलं तर कंपायलर टोकतो. भागाकार-बाकीसाठी रस्टमध्ये टपल आहेच. म्हणजे 'आणि'ला टपल, 'किंवा'ला रिझल्ट. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात कामाचा फरक हाच आहे, भाषा कुठलीही असो.

'आणि'च्या घरातही एक चोर आहे: क्रम. डबे पोचवायचे तर पत्त्यावरून नकाशातली जागा काढणारं फंक्शन लागतं. ते अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे देतं. इंदूरचे आकडे साधारण २२.७२ आणि ७५.८६. दोन्ही साधे दशांश आकडे, टाइप एकच. घेताना चुकून उलटे घेतले तर कुठलाही कंपायलर काही बोलणार नाही. आणि हे उलटं घेणं सहज घडतं, कारण गूगल मॅप्सवर अक्षांश आधी लिहितात आणि जिओजेसन या नकाशांच्या प्रसिद्ध मांडणीत रेखांश आधी. उलटे केलेले इंदूर जातं बॅरेंट्स समुद्रात, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर. अक्षांश ९० च्या वर नसतो, अशी तपासणी घातली तरी इथे उपयोग नाही, ७५.८६ त्यात बसतो. वडोदरा, ग्वाल्हेर, पुणे, पार कोलकात्यापर्यंत हीच गत. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे, तिथे तेवढी तपासणी चूक पकडेल.

म्हणून दोन मूल्यं एकाच जातीची असतील तर त्यांना नुसत्या जागेवर सोडू नये, नाव द्यावं. पायथनमध्ये नावाचं टपल मिळतं, नाही तर २०१८ च्या ३.७ पासून आलेला डेटाक्लास. स्विफ्टमध्ये टपलच्या कप्प्यांनाच नावं देता येतात. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट परत करा आणि घेताना महिरपी कंसात नावं लिहून सोडवा. २०१५ पासून ही सोय आहे, आणि नावाने घेतलं की क्रमाचा प्रश्नच उरत नाही. उलट रिअॅक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीतलं यूजस्टेट मुद्दाम दोन कप्प्यांचा अॅरे देतं. एकाच स्क्रीनवर ते पाच वेळा वापरायचं तर दर वेळी आपल्या मनाची नावं देता यावीत म्हणून. तिथे ते शोभतं, कारण पहिलं मूल्य असतं आणि दुसरं फंक्शन; अदलाबदल झाली तर पहिल्या क्लिकलाच उघडं पडतं.

आणि फंक्शन वाढतं, हे लिहिताना कुणाच्या मनात नसतं. पुतण्याचं दिवसाच्या हिशोबाचं फंक्शन आधी एकूण डबे, रोख आणि ऑनलाइन अशी तीन मूल्यं द्यायचं. मग वहिनीला परत आलेले डबेही हवे झाले. चौथं मूल्य जोडलं की तीन नावांत घेणारी पायथनची प्रत्येक ओळ चालवताना मोडते, मूल्यं जास्त आली म्हणून. गो तर प्रोग्राम बांधतानाच अडवते, म्हणजे सगळ्या जागा एकदम सापडतात. लुआ आणि लिस्पमध्ये जुन्या ओळी चौथं मूल्य न बघता तशाच चालत राहतात. डेटाक्लास असेल तर एक नाव वाढतं आणि जुन्यांना हात लावावा लागत नाही. नावाचं टपल मात्र इथे फसवतं, नावं असली तरी ते शेवटी टपलच, तीन नावांत सोडवणारी ओळ मोडणारच.

खुद्द पायथनलाही ही अडचण आली. फाइलची माहिती देणारं ओएस मॉड्यूलमधलं स्टॅट हे फंक्शन दहा कप्प्यांचं टपल देतं, आणि जगभरच्या जुन्या प्रोग्रामांनी ते दहा नावांत सोडवून ठेवलेलं. पुढे फाइलची वेळ नॅनोसेकंदापर्यंत द्यायची झाली, आणखीही माहिती जोडायची झाली, तेव्हा अकरावा कप्पा काढायची सोय नव्हती. मग ती नवी माहिती त्याच वस्तूला नुसत्या नावाने चिकटवली. नाव घेऊन मागितली तर मिळते. क्रमाने मोजत गेलात तर टपल आजही दहालाच संपतं.